अंतराळ स्थानकाच्या खिडकीतून आपला विदर्भ कसा ओळखायचा?

पैसे भरून अंतराळ स्थानकावर जायचं आणि खिडकीशी तरंगत पृथ्वी पाहायची, ही गोष्ट आता नुसती कल्पनेतली राहिलेली नाही. २००१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे डेनिस टिटो रशियाच्या सोयुझ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. स्वतःच्या खर्चाने तिथे पोहोचलेले ते पहिले पर्यटक. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅक्सिअम स्पेस या कंपनीने पहिल्यांदा चारही प्रवासी खासगी असलेली मोहीम तिथे नेली. त्याच कंपनीच्या चौथ्या मोहिमेतून जून २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला गेले, अर्थात भारत सरकारच्या वतीने. आता पुढचा टप्पा पूर्णपणे खासगी स्थानकांचा आहे. व्हास्ट या कंपनीचं हेवन-१ हे चार जणांसाठीचं छोटं स्थानक त्यात पुढे आहे. त्याच्या उड्डाणाची तारीख अनेकदा पुढे गेली, पण काम चालू आहे.

अ‍ॅक्सिअमच्या पहिल्या मोहिमेत एका जागेचे सुमारे साडेपाच कोटी डॉलर लागल्याचं तेव्हा छापून आलं होतं. हा आकडा वाचून आपल्याकडचा माणूस पान उलटेल. मी मात्र हा लेख त्यांच्यासाठीच लिहितोय. मी गावात शाळेच्या मुलांना आकाश दाखवतो आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न हमखास येतो, "सर, तिथून आपलं गाव दिसते का जी?" या प्रश्नाला नीट, मोजूनमापून उत्तर देता येतं. खिडकीपाशी बसून जे ओळखायचं, त्याची सगळी तयारी वर्धा-यवतमाळ-भंडाऱ्याच्या कुठल्याही खेड्यात बसून करता येते. ज्याला जायला मिळेल त्याला ती खिडकीत कामी येईल. बाकीच्यांना स्थानकावरून येणारं थेट चित्रण आणि अंतराळवीरांचे फोटो वाचता येतील, आणि तेही काही कमी नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी तयारी तिच्यावर उभी आहे. वरून आपला मुलूख ओळखायचा असेल तर पाणी धरायचं. रस्ते, गावं, जिल्ह्यांच्या सीमा यांच्या नादी लागायचं नाही. नद्या, धरणं आणि तलाव ज्याला पाठ आहेत, तो खिडकीशी कधी हरवत नाही.

पहिली पायरी: उंची आणि वेग डोक्यात बसवा

अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर असतं. म्हणजे नागपूरहून औरंगाबादपर्यंत जेवढं सरळ अंतर, जवळपास तेवढंच, फक्त सरळ वर. इतक्या जवळून पृथ्वीचा पूर्ण गोळा दिसत नाही. तो दिसायला चंद्राच्या वाटेवर बरंच दूर जावं लागतं. स्थानकावरून दिसतो तो एक प्रचंड वक्र पट्टा. क्षितिज चहूबाजूंनी सुमारे २२०० किलोमीटरवर असतं. स्थानक नागपूरच्या डोक्यावर असताना हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर आणि उत्तरेला हिमालयाची पांढरी कड हे सगळं एकाच नजरेच्या टप्प्यात येतं. नव्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. आपण शेजारचा जिल्हा शोधत असतो आणि समोर दोन समुद्र एकदम दिसतात.

आता वेग. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं आणि साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतं. त्यामुळे दिवसाला सुमारे १६ सूर्योदय आणि १६ सूर्यास्त होतात. बुलढाण्याच्या पश्चिम टोकापासून गोंदियाच्या पूर्व टोकापर्यंत आपला विदर्भ पाचशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. तेवढं अंतर सव्वा मिनिटाच्या आत संपतं. थांबायची सोय नाही, मागे वळायचीही नाही. म्हणून तयारी खाली असतानाच करायची. "खिडकीशी गेल्यावर बघू" म्हणणाऱ्याला तेलंगण दिसतं.

तिथे वजन का लागत नाही, याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तेवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण संपत नाही, जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असतंच. स्थानक आणि त्यातली माणसं सतत पृथ्वीकडे पडत असतात, पण पुढे जायचा वेग एवढा असतो की पडता पडता ती पृथ्वीला वळसा घालून जातात. सगळं एकत्रच पडत असल्यामुळे आतला माणूस तरंगतो.

दुसरी पायरी: जागा ठरवण्याआधी विचारायच्या गोष्टी

पहिला प्रश्न: कक्षेचा कल किती अंशांचा? विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला स्थानक किती अक्षांशांपर्यंत जाणार, हे त्यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय स्थानकाचा कल ५१.६ अंश आहे. विदर्भ साधारण १९ ते २२ अंश उत्तरेच्या दरम्यान येतो, म्हणजे त्याच्या वाटेत नक्की. उद्या एखाद्या स्थानकाचा कल पंधरा अंश असेल, तर ते आपल्या डोक्यावरून कधीच जाणार नाही. विदर्भ तिरका, दूर, क्षितिजाकडे दिसेल.

दुसरा प्रश्न खिडकीचा. आंतरराष्ट्रीय स्थानकावर फेब्रुवारी २०१० मध्ये बसवलेला कुपोला नावाचा घुमट आहे. त्याला बाजूच्या सहा आणि मधली एक गोल, अशा सात खिडक्या आहेत. मधल्या खिडकीचा व्यास ८० सेंटिमीटर. हेवन-१ साठी सुमारे १.१ मीटरची घुमटाकार खिडकी ठरवली आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये इन्स्पिरेशन-४ मोहिमेतल्या चार सामान्य नागरिकांच्या यानाच्या नाकावर काचेचा घुमट लावला होता आणि ते स्थानकापेक्षाही उंचावरून, पावणेसहाशे किलोमीटरच्या पुढून, तीन दिवस पृथ्वी पाहत होते. खिडकी किती मोठी यापेक्षा ती कुठे तोंड करून आहे आणि दिवसातले किती तास तुमच्या वाट्याला येणार, हे आधी विचारा. चार जण आणि एक खिडकी असेल तर पाळी लागते.

प्रशिक्षण, वैद्यकीय तपासण्या, आपत्कालीन सराव हे महिनोन्‌महिने चालतं आणि ते कंपनी करून घेते. त्यावर इथे वेळ घालवत नाही.

अवघ्या काही मिनिटांच्या उड्डाणांची याच्याशी गल्लत करू नका. शंभर किलोमीटरपर्यंत जाऊन लगेच खाली येणाऱ्या यानात आपण कक्षेत जात नाही. पृथ्वीची वक्र कड दिसते, काळं आकाश दिसतं, पण उड्डाण जिथून झालं त्याच्याच आसपासचा प्रदेश दिसतो. तिथून विदर्भ दिसायचा प्रश्नच नाही.

तिसरी पायरी: आधी गावातून स्थानक पाहा

स्थानक वरून आपल्याकडे कसं बघतं हे कळायला आधी आपण त्याच्याकडे बघून घ्यावं. याला दुर्बीण लागत नाही. सूर्य मावळल्यावर दीड-दोन तासांत किंवा उजाडण्याआधी तेवढ्याच वेळात ते दिसतं, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि चारशे किलोमीटरवर ऊन असतं. वेळ कळायला नासाचं 'स्पॉट द स्टेशन' हे मोफत अ‍ॅप आहे. त्यात आपलं ठिकाण टाकलं की तारीख, वेळ, कोणत्या दिशेने उगवणार आणि किती अंश वर चढणार हे सगळं मिळतं.

अंश मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. चार मुठींच्या वर जाणारी फेरी असेल तर ती चुकवू नका. त्याहून खालची फेरी झाडांच्या आणि घरांच्या आड जाते.

गच्ची असेल तर उत्तम, नाहीतर खळं किंवा वावराचा धुरा. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आधी धुऱ्यावर जाताना पायात बूट आणि हातात टॉर्च हवाच, साप-विंचवाचा भरवसा नाही. टॉर्चवर लाल कागद बांधला की डोळ्यांना लागलेली अंधाराची सवय मोडत नाही. दहा मिनिटं आधी जाऊन पोहोचा.

स्थानक साधारणपणे पश्चिमेच्या बाजूने उगवतं आणि पूर्वेच्या बाजूला जातं. प्रकाश स्थिर असतो. लुकलुकत नाही, आवाज नाही, तांबडे-हिरवे दिवे नाहीत. तसे दिवे असले तर ते नागपूरला उतरणारं विमान. चांगली फेरी सहा मिनिटांच्या आसपास चालते. संध्याकाळच्या फेरीत कित्येकदा ते आकाशाच्या मध्यावरच तांबूस होत विझून जातं. तिथे ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं, म्हणजे आतल्या माणसांचा त्याच क्षणी सूर्यास्त झालेला असतो. मुलांना हे सांगा. सोळा सूर्यास्तांपैकी एक त्यांनी वावरात उभं राहून पाहिला, हे त्यांच्या लगेच ध्यानात येतं.

२ एप्रिल २०२२ ची, गुढीपाडव्याची संध्याकाळ विदर्भातल्या पुष्कळांना आठवत असेल. आकाशातून पेटते लोळ गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. असे तुकडे जळत, फुटत, मागे शेपूट सोडत जातात. स्थानक एकच असतं, शांतपणे जातं आणि वेळ पाळतं. योगायोग असा, की त्या पाडव्यानंतर सहाच दिवसांनी, ८ एप्रिलला, अ‍ॅक्सिअमची ती पहिली खासगी मोहीम निघाली.

चौथी पायरी: नकाशा वाकडा करून पाठ करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. आपण लहानपणापासून नकाशा पाहतो तो उत्तर वर ठेवून. स्थानकाच्या खिडकीत उत्तर कुठेही असू शकते. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत तरंगत असाल तर गडचिरोली वर आणि मेळघाट खाली दिसेल. म्हणून सराव करताना मोबाइलवर गूगल अर्थ किंवा इस्रोचं भुवन उघडा, उपग्रहाचं चित्र निवडा, नावं आणि सीमा बंद करा आणि चित्र फिरवा. रेंज नसते तिथे घरून निघण्याआधी तेवढ्या भागाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

५१.६ अंशांच्या कक्षेतून विदर्भावर यायच्या वाटा दोनच. दोन्ही वेगवेगळ्या पाठ करायच्या.

पहिली वाट नैऋत्येकडून ईशान्येकडे जाते. नागपूरवरून जाणारी अशी फेरी घेतली तर स्थानक गोवा-कारवारच्या आसपास किनाऱ्यावर येतं. तिथून नागपूर दोन मिनिटांवर. कर्नाटकात कृष्णेवरचं अलमट्टीचं पाणी दिसलं की सावध व्हा. मग डाव्या हाताला दूर उजनी आणि जायकवाडीचा नाथसागर. त्यानंतर पैनगंगेवरचं इसापूर आलं की विदर्भाचं दार उघडलं. पुढे वर्धा नदी ओलांडली की नागपूर. तुम्ही "नागपूर, नागपूर" म्हणेपर्यंत छत्तीसगडच्या कडेने पुढे निघालेले असता. अडीच मिनिटांच्या आत काठमांडू खाली येतं आणि मग तिबेटचं तपकिरी पठार.

दुसरी वाट वायव्येकडून आग्नेयेकडे, आणि मला विचाराल तर विदर्भाच्या माणसासाठी हीच खरी. राजस्थानचं पिवळं वाळवंट मागे पडतं, मध्य प्रदेशात नर्मदेची रेघ आणि तिच्यावरचा इंदिरा सागरचा वेडावाकडा, फाटे फुटलेला जलाशय येतो. त्याच्या पुढे सातपुड्याची गर्द पट्टी. ही पट्टी ओलांडली की आपण घरी. उजव्या हाताला मेळघाटाच्या पायथ्याशी पूर्णेचं खोरं. सपाट, काळं, खारपाणपट्ट्याचं, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेलं. डाव्या हाताला पेंचचं तोतलाडोह. समोर वैनगंगा.

इथून पुढे नजर वैनगंगेवरून हलवू नका. पवनीजवळ गोसीखुर्दचं पसरलेलं पाणी लागतं. खाली ती वर्धेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीत जाते. गोदावरी राजमहेंद्रीपाशी फाटे फोडत समुद्राला मिळते. स्थानकाची वाटही जवळपास याच अंगाने काकिनाड्याकडे उतरते. म्हणजे भंडाऱ्याच्या पुलाखालून गेलेलं पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचेपर्यंतची अख्खी वाट दीड-पावणेदोन मिनिटांत, एकाही ठिकाणी नजर न तोडता पाहता येते. नदीकाठी वाढलेल्या माणसाला यासारखं दुसरं दृश्य नसेल असं मला मनापासून वाटतं.

त्याच चित्रात पूर्णेकडेही एकदा बघा. ती उलटी, पश्चिमेला जाते आणि तापीला मिळते. पश्चिमेचं वऱ्हाड आणि पूर्व विदर्भाची झाडीपट्टी यांच्यातला फरक पाणी कुठल्या समुद्राला जातं इथपासून सुरू होतो, आणि वरून तो एका नजरेत कळतो.

सरावाचा नेम असा ठेवा: चित्र फिरवून कुठेही थांबवायचं आणि घड्याळ लावून तीन पाणवठे ओळखायचे. सुरुवातीला मिनिट लागेल. दहा सेकंदांत जमू लागलं की तयारी झाली.

पाचवी पायरी: काय दिसेल आणि काय नाही

चांगल्या डोळ्याला चारशे किलोमीटरवरून साधारण ११५ मीटरच्या आसपासची वस्तू वेगळी ओळखता येते. पाच एकरांचं चौकोनी वावर घेतलं तर त्याची बाजू सुमारे १४० मीटर. म्हणजे हिशेबाने ते डोळ्याच्या अगदी कडेवर बसतं. प्रत्यक्षात शेजारच्या वावराचा रंग सारखाच असतो, मध्ये हवा आणि काच असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी आपलं वावर हुडकता येणार नाही. ४०० मिलिमीटरची लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत मात्र वावरं वेगवेगळी दिसतात. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हेच. घर दिसत नाही. गाव एक फिकट ठिपका म्हणून दिसू शकतं, आणि ते नेमकं कोणतं हे जवळच्या तलावावरून कळतं.

लोणार नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. बरोबर डोक्यावरून जात असाल तर ते आपल्याला चंद्राचा व्यास दिसतो त्याच्या निम्म्याएवढं दिसेल. हात लांब करून करंगळी धरा. ती एक अंश झाकते. लोणार तिच्या पाव रुंदीएवढं. काळ्या बेसॉल्टच्या पठारावर इतका नीट गोल दुसरा नाही, म्हणून बारीक असलं तरी नजर अडकते. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं, तेव्हाचे उपग्रहांचे फोटो शोधून बघा.

वर्धा नदीच्या काठाने वणी, घुग्घूस, बल्लारपूरकडे कोळशाच्या उघड्या खाणींचे करडे-काळे डाग दिसतात. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा मे महिन्यात बघाव्यात, कारण बाकी सगळं भाजून निघालेलं असताना तेवढ्याच हिरव्या राहतात. ओलितावर किती पाणी उपसलं जातं, हेही त्या हिरव्यात वाचता येतं.

सगळ्यात सुंदर गोष्ट भंडारा-गोंदियाच्या वाट्याला आली आहे. तिथे आणि चंद्रपूर-गडचिरोलीत मिळून कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव हजारोंनी आहेत. सूर्य, पाणी आणि स्थानक बरोबर कोनात आले की पाण्यावरून ऊन थेट खिडकीत परततं. एरवी न दिसणारं लहानसं तळंही त्या क्षणी चमकतं. स्थानक पुढे सरकतं तसा तो चकाकीचा पट्टाही सरकतो आणि झाडीपट्टीतले तलाव एकामागून एक पेटत विझत जातात. ही संधी हवी असेल तर सरळ खाली बघू नका. सूर्याचं प्रतिबिंब ज्या अंगाला पडत असेल तिकडे बघा.

सहावी पायरी: ऋतू आणि वेळ

शक्य असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर निवडा. पाऊस सरलेला, हवा धुतलेली, तलाव भरलेले, तूर-कपाशी उभी. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानावर धुक्याची आणि धुराची पांढरट चादर पसरते, तिचा पातळ पदर कधी कधी आपल्यापर्यंत येतो. मार्च-एप्रिलला सागाची पानं झडलेली असतात. गडचिरोलीचं जंगल तेव्हा हिरवं दिसेल ही अपेक्षा ठेवू नका, ते करडं-तपकिरी असतं, आणि मोहाच्या दिवसांत वणव्यांच्या धुराच्या रेघा दिसतात. जून ते सप्टेंबर ढगांची पाळी. शुभांशु शुक्ला २६ जूनला स्थानकावर पोहोचले आणि १५ जुलैला परतले, म्हणजे ऐन पेरणी-पावसाच्या दिवसांत. पावसाळ्यात ढगच बघायचे, आणि तेही बघण्याजोगे असतात.

दिवसाची वेळही महत्त्वाची. स्थानिक दुपारी बाराला ऊन वरून पडतं, सावल्या आखूड असतात, सातपुडा सपाट वाटतो. सकाळी आठ-नऊला किंवा दुपारी चारनंतर प्रत्येक डोंगरधारेला सावली असते आणि गाविलगडच्या कडा उठून दिसतात. फेरीची वेळ रोज साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी अलीकडे सरकत जाते. त्यामुळे तुमच्या दोन आठवड्यांत विदर्भावरच्या फेऱ्या कोणत्या वेळी पडणार हे आधीच काढून ठेवता येतं. आंतरराष्ट्रीय स्थानकावर घड्याळ ग्रीनिच वेळेवर चालतं, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. हा हिशेब तोंडपाठ ठेवा.

सातवी पायरी: खिडकीशी गेल्यावर

पहिले दोन-तीन दिवस निम्म्याहून अधिक लोकांना मळमळतं, डोकं जड होतं, चेहरा सुजतो, कारण अंगातलं पाणी वरच्या भागात चढतं आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते. त्या दिवसांत झटकन मान फिरवू नका आणि महत्त्वाची फेरी ठेवू नका.

पायाची बोटं दांडीत अडकवून अंग स्थिर करा. हाताने धरून राहिलात तर कॅमेरा धरायला हात उरत नाही. आतले दिवे मालवा, नाहीतर काचेत स्वतःचाच चेहरा दिसेल. काळं कापड डोक्यावरून काचेपर्यंत ओढलं की झालं. काचेला बोटं लावू नका. सूर्याकडे थेट बघू नका, तिथे उन्हाला हवेची गाळणी नाही. काम झालं की झडप बंद करायची, कारण बारीक कणांच्या माऱ्यापासून काच वाचवायची असते.

फोटोचा हिशेब सोपा आहे. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात स्थानक जमिनीवरून सात मीटर पुढे जातं. तेवढं चालतं. रात्री पाव सेकंद उघडं ठेवलंत तर जवळपास दोन किलोमीटरची फरफट होते, म्हणून कॅमेरा गावाच्या दिव्यांसोबत मागे फिरवत राहावा लागतो. हे हाताला यायला सराव लागतो. तो एसटीच्या खिडकीतून बाहेरच्या एकाच झाडावर कॅमेरा रोखून करता येतो. आणि एक कळकळीचं सांगणं, पहिली दिवसाची फेरी कॅमेऱ्याविना पाहा. सव्वा मिनिट तर आहे.

आठवी पायरी: रात्रीचा विदर्भ

रात्री पाणी दिसत नाही, तेव्हा दिवे आणि अंधार दोन्ही वाचायचे. नागपूर हा ठळक पुंजका, दक्षिणेला बुटीबोरी, पुढे चंद्रपूर-बल्लारपूर. पश्चिमेला अमरावती आणि अकोला. यांच्यामधले मोठे काळे तुकडे लक्षात ठेवा: वायव्येला मेळघाट, चंद्रपूरच्या उत्तरेला ताडोबा आणि आग्नेयेला गडचिरोलीचा भलामोठा अंधार. जंगल कुठे उरलं आहे हे रात्री जास्त स्पष्ट कळतं. मे-जूनच्या वळवाच्या दिवसांत ढगांच्या आतून विजा चमकतात, एक ढग उजळला की शंभर किलोमीटरवरचा दुसरा उत्तर देतो. क्षितिजावर हवेच्या वरच्या थरांची हिरवट मंद रेघ असते, डोळे अंधाराला सरावले की दिसते.

शेवटची पायरी: न जाता पाहणाऱ्यांसाठी

स्थानकावरून पृथ्वीचं थेट चित्रण नासा मोफत दाखवतं. यूट्यूबवर सेन या कंपनीच्या कॅमेऱ्यांचं चित्रणही मिळतं. शेजारी स्थानकाचा मार्ग दाखवणारा नकाशा उघडा ठेवा आणि ते गोव्याच्या किंवा राजस्थानच्या जवळ आलं की बघायला बसा. प्रत्येक फेरीत निम्म्याच्या जवळपास वेळ खाली रात्र असते, तेव्हा पडदा काळा दिसेल. मध्येच संपर्क तुटतो. मोबाइल बिघडला असं समजू नका.

नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्राकडे अंतराळवीरांनी काढलेल्या पृथ्वीच्या फोटोंचा मोठा साठा आहे आणि तोही सगळ्यांना खुला. त्यात अक्षांश-रेखांश टाकून शोधता येतं. लोणारसाठी २० उत्तर, ७६.५ पूर्व. नागपूरसाठी २१.१ आणि ७९.१. आपल्या गावाचे आकडे मोबाइलच्या नकाशात गावावर बोट दाबून धरलं की मिळतात. सापडलेला फोटो शाळेत छापून लावायचा असेल तर खाली तारीख, ग्रीनिच वेळ, भारतीय वेळ आणि उत्तर दिशेचा बाण एवढं नक्की लिहा. गावाचं नाव मात्र लिहू नका. ते मुलांना नदी आणि तलावावरून शोधू द्या.